पथ्य आणि व्रत

कीर्तन आटोपून आरती झाली की श्रोत्यांपैकी दोन-चार मंडळी आमच्याजवळ येऊन बसतात आणि कीर्तनात जे विचारता येत नाही ते विचारतात. पूर्वी अशा वेळी प्रारब्ध, मरणोत्तर गती असे विषय निघत. अलीकडे साखरेचा विषय निघतो. साखर म्हणजे रक्तातली. कोणी म्हणतो, "महाराज, डॉक्टरांनी बारा आठवडे आठशे कॅलरींवर ठेवले आहे. हा उपास धर्मात कोठे बसतो? याचे काही पुण्य आहे की नाही?" दुसऱ्याचे म्हणणे नेमके उलट. "देह नाशिवंत म्हणून तुम्हीच सांगता, आणि आम्ही दुधीसुद्धा तोलून खातो. ही देहबुद्धीच नव्हे काय?" आणि तिसरा प्रश्न हमखास येतो, तो पंगतीचा आणि प्रसादाचा. पानात वाढलेले नाकारले तर अन्नाचा अपमान होतो काय?

प्रश्न वरवर वैद्यकाचे दिसतात, पण ते धर्माचे आहेत. आम्ही वैद्य नाही. तरी यातले वैद्यक थोडे समजून घेतल्यावाचून धर्म सांगता येणार नाही, म्हणून आधी ते सांगतो.

मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार. एकात शरीर इन्सुलिन करणेच बंद करते. हा पुष्कळदा बालपणी किंवा तरुणपणी होतो, त्याला इन्सुलिन टोचून घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पुढील सर्व विवेचन त्याला लागू नाही. दुसरा प्रकार, ज्याला डॉक्टर टाइप टू म्हणतात, तो आपल्याकडे घरोघरी आहे. भारतात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत आले, आणि त्यांत बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे. एकदा जडला की आमरण वाढतच जायचा, अशी याची ख्याती होती. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे प्रा. रॉय टेलर यांनी या समजुतीला धक्का दिला. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ११ रोग्यांना ८ आठवडे रोज सुमारे ६०० उष्मांक एवढाच आहार दिला होता. साध्या माणसाला दिवसाला दोन हजारांच्या आसपास लागतात हे लक्षात घ्या. सात दिवसांत त्यांची उपाशीपोटीची साखर ठिकाणावर आली, आणि आठ आठवड्यांत स्वादुपिंड पुन्हा काम करू लागले.

हे कसे घडते? गरजेपेक्षा जास्त अन्न वर्षानुवर्षे पोटात गेले की त्याचा मेद होतो. त्वचेखाली जागा आहे तोवर तो तेथे राहतो. जागा संपली की यकृतात शिरतो. मेदाने भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रंदिवस रक्तात साखर सोडीत राहते. तेथून मेद स्वादुपिंडात उतरतो आणि इन्सुलिन करणाऱ्या पेशी मंदावतात. अन्न एकदम तोडले म्हणजे शरीर प्रथम हाच अडगळीतला मेद जाळते. घरात पाव्हणे येणे बंद झाले की माजघर आपोआप मोकळे होते, तसे.

नंतर स्कॉटलंड आणि टाइनसाइड येथे सुमारे ३०० रोग्यांवर मोठा प्रयोग झाला. ज्यांचा रोग सहा वर्षांच्या आतला होता असेच रोगी त्यात होते. निम्म्यांना ३ ते ५ महिने रोज ८२५ ते ८५३ उष्मांक, तेही पाण्यात कालवायच्या भुकटीच्या रूपाने दिले. २०१७ साली निकाल आला तो असा की वर्षअखेरीस यांतील ४६ टक्के रोगी एकही गोळी न घेता मधुमेहाच्या रेषेखाली आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण होते ४ टक्के. ज्यांचे वजन १५ किलो किंवा त्याहून अधिक उतरले, त्यांच्यात ते ८६ टक्के भरले. परंतु दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले. का झाले? वजन परत आले म्हणून. हा ३६ चा आकडा वाचकांनी मनात ठेवावा. आमच्या सगळ्या विवेचनाची खुंटी तोच आहे.

या स्थितीला डॉक्टर 'रेमिशन' म्हणतात. गोळ्या बंद होऊन किमान तीन महिने झाले आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची ती रक्तपरीक्षा साडेसहा टक्क्यांखाली राहिली, तर तो शब्द लावावा असे २०२१ साली ठरले. काही लोक त्याचे भाषांतर 'रोगमुक्ती' करतात, ते आम्हास पसंत नाही. व्याधीचा उपशम वेगळा, नाश वेगळा. निखाऱ्यावर राख चढली म्हणजे तो विझला असे नव्हे.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. सुश्रुताने प्रमेहाचे दोन भेद केले आहेत, सहज आणि अपथ्यनिमित्त. एक जन्माबरोबर येतो आणि रोगी कृश असतो, दुसरा अपथ्याने होतो आणि रोगी स्थूल असतो. चरकाने कारणे सांगितली त्यांत दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही तर आहेतच, पण त्यांच्याही आधी बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख ही दोन सांगितली आहेत. सुश्रुताची चिकित्सा तर वाचण्यासारखी आहे. निर्धन रोग्याने छत्री-पादत्राण टाकून, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकच रात्र काढीत, मुनीसारखे मन आवरून शंभर योजने चालावे. धनवंताने सावे, देवभात अशा धान्यांवर राहावे. कोणी विहीर खणावी. शंभर योजनांपुढे आळंदी ते पंढरपूर ही वाट फारच थोडी म्हणायची! मात्र येथे एक सूचना करणे आम्ही कर्तव्य समजतो. जुन्या मधुमेह्याच्या पायांची जाणीव गेलेली असते, खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. म्हणून सुश्रुताचे चालणे घ्यावे, अनवाणीपण घेऊ नये. वारीतसुद्धा घेऊ नये. ग्रंथाचा मान राखणे म्हणजे डोळे मिटून वाचणे नव्हे.

याच विषयावर काही कीर्तनकार मंडळी, नावे कशाला घ्या, मोठ्या आवेशाने बोलतात की जिभेचे चोचले पुरविले त्याचे हे फळ, भोगा आता. श्रोते हसतात. हसणाऱ्यांतच खाली मान घालून बसलेला एखादा रोगी असतो, त्याचे मुख कोणी पाहत नाही. हे बोलणे आम्हास अधर्माचे वाटते, आणि ते खरेही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली आपले शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा एकच, २२.३. पण युडकिनसाहेबांच्या अंगात मेद ९.१ टक्के आणि आमच्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील नवजात बालके मोजली. सरासरी वजन २.७ किलो, विलायतेतील बालकाचे ३.५. मूल लहान, स्नायू थोडे, पण मेद मात्र त्या मानाने राखलेला. आईला गरोदरपणी पुरेसे मिळाले नाही, तिच्या आईलाही मिळाले नाही, त्याचा हिशेब नातवाच्या रक्तात निघतो. आता सांगा, यात चोचले कोणाचे? सडपातळ दिसणारा, दोन वेळच्या भाकरीपलीकडे काही न पाहिलेला शेतकरीही या रोगात सापडतो. त्याला दोष देणाऱ्याने आधी दुष्काळाला दोष द्यावा.

असो. दोष नाही म्हणून कर्तव्यही नाही, असे मात्र होत नाही. घर आपण बांधले नसले तरी गळते कौल आपल्यालाच चाळावे लागते.

तर मूळ प्रश्न: हे व्रत आहे काय? आमचे उत्तर, नाही. हे पथ्य आहे, आणि दोहोंत भेद मोठा आहे. व्रताला संकल्प असतो, विधी असतो, फळ सांगितलेले असते, आणि मुख्य म्हणजे उद्यापन असते. एकादशी कितीही कडक करा, द्वादशीला बारस सोडायची असते. जिभेला ते ठाऊक असते. ती दिवसभर गप्प बसते ती दुसऱ्या दिवसाच्या भरवशावर. म्हणून तर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्यातच पडली, परक्यांनी पाडली नाही. पथ्याला उद्यापन नाही. पथ्य संपले असे ज्याला वाटले त्याचे अपथ्य सुरू झाले. ४६ चे ३६ झाले ते येथे. ज्यांनी बारा आठवडे व्रत केले, त्यांनी तेराव्या आठवड्यात बारस सोडली!

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी हे मर्म सांगून ठेवले आहे. आहार तोडणाऱ्याचे विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. विलायती भुकटीविषयी आमची शंका हीच. भुकटीचा लाभ आहे, तो आम्ही नाकारीत नाही. रोग्याला काय खावे, किती खावे याचा विचारच करावा लागत नाही, मोह समोर येत नाही. ज्याचे मन दुबळे झाले आहे त्याला तो मोठाच आधार, आणि त्या प्रयोगातही नंतर हळूहळू अन्नावर आणण्याची आणि पुढे सांभाळण्याची व्यवस्था होतीच. पण तीन महिने ज्याने अन्नाकडे पाठ फिरविली, त्याला पुन्हा तोंड फिरवावेच लागते. भाकरी तीच, ताट तेच, जीभ तीच. शिकला काय? दूर राहायला शिकला. जवळ राहायला नाही.

म्हणून खऱ्या अन्नावर, घरच्या चुलीवरच्या अन्नावर हे पथ्य करणे कठीण असले तरी आम्हास ते अधिक योग्य वाटते. २०११ नंतर कित्येक सामान्य माणसांनी आपापल्या घरी हे करून न्यूकॅसलला कळविले आणि तेथील मंडळींनी तो वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध केला. विलायतेतील मायकेल मोस्ले हे वैद्यक शिकलेले पत्रकार स्वतः या रोगाच्या रेषेवर सापडले होते. त्यांनी आठशे उष्मांकांच्या खऱ्या जेवणावर पुस्तकच लिहिले. ते २०२४ साली वारले.

आमच्या दिंडीतील एका विणेकऱ्याने हे पथ्य केले, त्याचे ताट आम्ही पाहिले आहे. रोग चार वर्षांचा, वजन ८४ किलो. सकाळी वाटीभर दही. दुपारी मूठभर मुगाची उसळ, भरपूर पालेभाजी किंवा दुधी, काकडीची कोशिंबीर आणि अर्धी भाकरी, तीही पातळ. रात्री भाजी, थोडे पनीर किंवा दोन पळ्या पिठले. तेल दिवसाला दोन चहाचे चमचे, मोजून. ताक पाहिजे तेवढे, पण लोणी काढलेले. सगळे मिळून आठशेच्या आगेमागे. शाकाहारी माणसाने प्रथिनांची, म्हणजे डाळी-दही-पनीर यांची काटकसर करू नये, नाहीतर मेदाबरोबर मांसही जाते, असे डॉक्टरांनी त्याला बजावले होते. एकादशीचा प्रश्न आलाच. साबुदाणा बंद. अहो, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक, आणि जवळजवळ सगळे पीठच की ते! वर शेंगदाण्याचे कूट आणि तूप. बशीभर खिचडीत त्याचा दिवसाचा निम्म्याहून अधिक शिधा उडाला असता. त्याने एकादशी दही, काकडी आणि चार शेंगदाण्यांवर केली. आम्हास विचाराल तर उपवास या शब्दाला शोभणारी एकादशी त्याने बऱ्याच वर्षांनी पाहिली.

बारा आठवड्यांत वजन ७१ किलोवर आले, गोळ्या डॉक्टरांनीच थांबविल्या. पण आम्हास त्याहून मोलाची वाटली ती त्याची एक गोष्ट. तो म्हणाला, "महाराज, पहिले पंधरा दिवस भूक म्हणजे शत्रू वाटली. मग कळलं, निम्मी भूक भूक नव्हतीच. घड्याळ होतं, कंटाळा होता, समोर आलं म्हणून होतं. खरी भूक ओळखीची झाली." ही ओळख भुकटीच्या पेल्यात झाली असती काय, कोण जाणे. अर्ध्या भाकरीपुढे बसून झाली, एवढे खरे.

आणि येथेच एक धोक्याची सूचना, कारण आमच्या लोकांना ऐकीव गोष्टीवर उडी घेण्याची सवय आहे. जो इन्सुलिन घेतो किंवा साखर एकदम पाडणाऱ्या गोळ्या घेतो, त्याने औषध तसेच ठेवून अन्न तोडले तर साखर इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध पडतो. रक्तदाबाच्या गोळ्याही कमी कराव्या लागतात. लघवीवाटे साखर काढणाऱ्या नव्या गोळ्यांवर तर उपासाने निराळेच संकट ओढवते. गरोदर स्त्रीने, मूत्रपिंड बिघडलेल्याने, अगदी कृश माणसाने हे करू नये. डॉक्टरांच्या नजरेखालीच करावे. शंका येईल की देवावर भरवसा असता एवढी भीती कशाला? बटुवेषातील शंकरांनी तप करणाऱ्या पार्वतीला काय विचारले ते कुमारसंभवात पाहावे. आपल्या शक्तीला धरून तप करतेस ना, हा त्यांचा प्रश्न, आणि शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे त्या प्रश्नाचे कारण. लोक ते वचन खाण्याच्या समर्थनाला वापरतात. मुळात ते उपाशी तपस्विनीला विचारले आहे. देहबुद्धीच्या शंकेचे समाधानही तेथेच आहे. वीणा सुरात ठेवणे म्हणजे लाकडाचा मोह नव्हे.

आता पंगत. येथे आमचा राग थोडा अनावर होतो, वाचकांनी क्षमा करावी. महाराष्ट्रात आग्रह हा प्रेमाचा पर्याय होऊन बसला आहे. "एक पोळी माझ्याकडून", "अहो, आजच्या दिवसानं काय होतंय", "माझी शपथ आहे". ज्याने सकाळपासून मन बांधून ठेवले आहे त्याच्या पानात पुरणपोळी टाकून वर तुपाची धार सोडणारा यजमान स्वतःस अन्नदाता समजतो. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये, आलेले अन्न अव्हेरू नये, अन्न वाढवावे, अशी व्रते सांगितली आहेत, आणि या आग्रहाचे समर्थन करणारे तीच पुढे करतात. पण त्याच उपनिषदात आधी अन्न या शब्दाची व्युत्पत्ती दिली आहे, ती ते विसरतात. जे खाल्ले जाते आणि जे प्राण्यांना खाते, ते अन्न. दोन्ही अर्थ एकाच धातूतून निघतात. त्याच ठिकाणी अन्नाला सर्वांचे औषध म्हटले आहे. औषध आग्रहाने वाढतात काय? मात्रा चुकली तर औषध देणारा दाता राहत नाही. म्हणून 'नको' म्हणणारा अन्नाची निंदा करीत नाही, आणि नको म्हटल्यावर वाढणारा अन्नाचा मान राखीत नाही. पानात टाकून मग टाकून द्यायला लावणे, हा अन्नाचा अपमान खरा.

प्रसादाचे मात्र वेगळे. प्रसादाला प्रमाण नाही. शितभर घेतला तरी तो पूर्ण आहे, आणि द्रोणभर घेतल्याने अधिक होत नाही. काल्याच्या लाह्यांतील चार लाह्या जिभेवर ठेवाव्यात, बाकी शेजारच्या पोराच्या हातावर द्याव्यात. आमच्या दिंडीत वाढप्यांना आता सांगून ठेवले आहे की एकदा विचारावे, दुसऱ्यांदा विचारू नये.

एक गोष्ट राहिली, आणि ती पुरुषमंडळींना आवडणार नाही. त्या विणेकऱ्याच्या घरी आम्ही गेलो असता लोक त्याच्या निग्रहाचे कौतुक करीत होते. त्याची कारभारीण चुलीपाशी होती. ती हसून म्हणाली, "पथ्य यांचं, पण काटा माझ्या हातात. मूग मीच तोलायचे, भाजी मीच निवडायची, पोरांचा स्वैपाक वेगळा." तिने स्वतः काय खाल्ले ते आम्ही विचारले. पोरांच्या पानातले उरलेले, रात्रीची शिळी भाकरी, आणि दोन वेळा साखरेचा चहा. बारा आठवडे एका माणसाचे अन्न डोळ्यांत तेल घालून मोजणाऱ्या त्या माउलीची रक्तातली साखर आजवर कोणी मोजली नव्हती. आम्ही त्या दोघांना तेथेच बसवून सांगितले, आणि पुढच्या आठवड्यात नवऱ्याच्या तपासणीला जाताना तिनेही हात पुढे करायचा, असे ठरले.